पाठ : माझी शाळेची वाट (वाढतं भंडारा शहर आणि पायी चालणारं मूल)



जानेवारी आला की शाळेत रस्ता सुरक्षेचं पत्र येतं. मग आपण चित्रकला स्पर्धा घेतो, घोषवाक्यं लिहून घेतो, शपथ देतो आणि फोटो ग्रुपवर टाकतो. मीही बरीच वर्षं हेच केलं. फळ्यावर तीन वाक्यं ठरलेली असायची : 'रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना बघा. फुटपाथवरून चाला. नेहमी डाव्या बाजूने चाला.' एका वर्षी पाचवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं फुटपाथच नाही ना जी. मंग कशावरून चालावं?"

वर्ग हसला. मीही हसले आणि 'कडेने चालायचं गं' असं सांगून पुढे गेले. घरी आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. तिचा प्रश्न बरोबर होता, माझाच पाठ चुकला होता. तीन वाक्यांपैकी दुसरं तिच्या वाटेला लागूच पडत नव्हतं. तिसरं तर चक्क चुकीचं होतं, त्याबद्दल पुढे सांगते.

त्या वर्षापासून मी हा पाठ बदलला. आता तो ज्या पद्धतीने घेते तसा इथे मांडते. पाचवी ते आठवीपर्यंत कुठेही चालतो, चार-पाच तासिका लागतात, आणि परिसर अभ्यास, गणित व मराठी या तिन्ही विषयांत बसतो, त्यामुळे 'अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा' ही अडचण येत नाही. पालकांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती, कारण उत्तरार्ध त्यांच्यासाठीच आहे. त्यात मीही आहे.

पहिला तास : चित्र

मुलांना एकच सूचना द्या : 'घरापासून शाळेपर्यंतची वाट काढा. जिथे भीती वाटते तिथे लाल खडूने खूण करा.' रस्ता सुरक्षा हा शब्द उच्चारू नका, नाहीतर मुलं पाठ केलेला सिग्नल काढून मोकळी होतात.

या चित्रांत काय येतं ते बघण्यासारखं असतं. नाली येते, नालीवरची तुटकी फरशी येते, कुत्री येतात (लाल खुणा सगळ्यात जास्त त्यांनाच!), पानठेला येतो, रस्त्यावर रचलेली बांधकामाची गिट्टी येते. रेतीचा टिप्पर तर जवळपास प्रत्येक वेळी शाळेच्या इमारतीपेक्षा मोठा असतो. आपल्याला त्यात प्रमाण चुकलेलं दिसतं, पण साडेतीन-चार फूट उंचीच्या मुलाला टिप्पर तेवढाच दिसतो. फुटपाथ मात्र मी पाहिलेल्या चित्रांत क्वचितच आला.

याच तासाला थोडा शहराचा इतिहास सांगता येतो. जुनं भंडारा म्हणजे गांधी चौक, बडा बाजार, खांब तलावाच्या आसपासची वस्ती. गल्ल्या अरुंद आणि गर्दीच्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९२ हजारांच्या आसपास होती. त्यानंतर शहर बाहेरच्या बाजूने पसरलं. खात रोडसारख्या बाजूला काही वर्षांपूर्वी धानाची बांधी होती तिथे आज ले-आउट, दवाखाने, मंगल कार्यालयं, शिकवणी वर्ग दिसतात. शहराच्या अंगावरून राष्ट्रीय महामार्ग जातो. आपण ज्याला सवयीने 'एनएच सिक्स' म्हणतो, तो आता क्रमांक ५३, गुजरातमधल्या हजिऱ्यापासून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणारा. जिल्हा परिषद चौक, त्रिमूर्ती चौक ही आपली रोजची ठिकाणं याच रस्त्यावरची. म्हणजे एका टोकाच्या बंदराकडून दुसऱ्या टोकाच्या बंदराकडे जाणारा ट्रक आणि दप्तर घेतलेलं सहावीतलं मूल, दोघं इतकी वर्षं एकाच चौकात समोरासमोर येत होते. आता शहराबाहेरून बायपास काढला आहे, हे चांगलंच झालं. पण मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : मोठे ट्रक कमी झाले की रस्ता मोकळा होतो, आणि मोकळ्या रस्त्यावर बाकीच्या गाड्यांचं काय होतं? उत्तर कुणी ना कुणी देतंच : "जोरात जातात."

इथेच पाठाचा मुख्य मुद्दा येतो, आणि तो मुलांपेक्षा आपल्याला समजायला जास्त वेळ लागतो. बडा बाजारात चालणं त्रासाचं आहे, धक्के बसतात, हॉर्न कानात बसतो. पण तिथे गाडी धावूच शकत नाही. नव्या बाजूला सिमेंटचा रुंद रस्ता होतो, आपण सगळे म्हणतो 'विकास झाला', आणि त्याच रस्त्यावर गाडीचा वेग दुप्पट होतो. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, पण त्यात पायी चालणाऱ्याची जागा कुणी आखलीच नाही. आधी जो खड्डा गाडीला हळू करत होता तोही गेला. खड्डे राहू द्या असं मी म्हणत नाही. पण वेग कमी करण्याचं जे काम खड्डा फुकटात करत होता, ते आता दुसऱ्या कशाने तरी करावं लागेल.

दुसरा तास : गणित मैदानावर

हा तास मुलांना सर्वांत आवडतो. साहित्य म्हणजे चुन्याची फक्की, मोजपट्टी आणि मोकळं मैदान.

ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती मीटर? ३०,००० भागिले ३,६०० म्हणजे सुमारे ८.३ मीटर. ताशी ५० म्हणजे सुमारे १३.९ मीटर. आता चालकाला समोर मूल दिसलं. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. त्या एका सेकंदात गाडी मूळ वेगानेच पुढे सरकते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबते. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक धरले तर ३० च्या वेगाला आणखी सुमारे ५ मीटर लागतात आणि ५० च्या वेगाला सुमारे १४ मीटर. म्हणजे ३० ची गाडी सव्वातेरा मीटरच्या जवळपास थांबते, आणि ५० ची गाडी अठ्ठावीस मीटरच्या जवळपास.

मैदानावर या दोन्ही रेघा फक्कीने मारा. सुरुवातीच्या रेघेवर एक मुलगा 'चालक' म्हणून उभा करा आणि सव्वातेरा मीटरच्या रेघेच्या किंचित पुढे एक दप्तर ठेवा. मग विचारा : ३० ची गाडी दप्तराच्या आधी थांबली. ५० ची गाडी दप्तराजवळ पोहोचली तेव्हा तिचा वेग किती होता?

मुलं '२०', '२५', '३०' अशी उत्तरं देतात. आकडे पुन्हा बघायला सांगा. ५० च्या गाडीने पहिल्या सेकंदातच १३.९ मीटर कापले होते. म्हणजे दप्तर आलं तेव्हा चालकाचा पाय ब्रेकवर पडलासुद्धा नव्हता. वेग ५०च होता, एक किलोमीटरनेही कमी नाही. हे उत्तर सापडल्यावर वर्ग शांत होतो. पहिल्यांदा हा हिशेब फळ्यावर केला तेव्हा मी स्वतः तो दोनदा तपासून पाहिला होता. पावसात ओल्या रस्त्यावर आणि भरलेल्या टिप्परला ही अंतरं आणखी वाढतात. सातवी-आठवीला तेही काढायला द्या.

आता उलट बाजूने हिशेब. गाडीची एक लेन साधारण साडेतीन मीटरची असते. दोन लेनचा रस्ता ७ मीटर, चार लेनचा १४ मीटर. लहान मूल किंवा म्हातारं माणूस सेकंदाला एक मीटर चालतं असं धरा. ७ मीटरला ७ सेकंद, १४ मीटरला १४ सेकंद. १४ सेकंदांत ५० च्या वेगाची गाडी जवळपास १९५ मीटर येते. म्हणजे चार लेनचा रस्ता एका दमात सुरक्षित ओलांडायचा तर मुलाला दोनशे मीटर लांब असलेल्या गाडीचा अंदाज घेता आला पाहिजे. तुम्ही स्वतः रस्त्याच्या कडेला उभे राहून बघा, दोनशे मीटरवरची मोटरसायकल केवढी दिसते ते.

मधे दुभाजक असेल आणि त्यात उभं राहायला जागा असेल तर हेच काम दोन तुकड्यांत होतं : आधी ७ मीटर एकाच बाजूला बघून, मग थांबून पुढचे ७ मीटर. म्हणून दुभाजक ही फक्त झाडं लावायची जागा नाही. पण बरेचदा त्यात उभं राहण्यापुरती जागा सोडलेलीच नसते, आणि मग मुलं वरून उडी मारतात. आपण त्यांना रागावतो.

स्वीडनमधल्या स्टिना सँडेल्स नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलं आणि रहदारी यावर बरीच वर्षं काम केलं. १९६८ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मुलाला कितीही शिकवलं तरी ते आजच्या रहदारीत भरवशाने वागू शकत नाही. वेग, अंतर, आवाजाची दिशा यांचा मेळ घालायची क्षमता त्या वयात तयार झालेली नसते. म्हणून रहदारी मुलाला झेपेल अशी करावी लागते. पाठ घेताना हे लक्षात ठेवा. दुसरीतल्या मुलाला 'दोन्ही बाजूंना बघ' सांगितल्यावर ते इमानदारीने मान दोन्हीकडे फिरवतं. पण मान फिरवली म्हणजे बघितलं असं नाही.

डावीकडून की उजवीकडून?

आता त्या तिसऱ्या वाक्याबद्दल. 'नेहमी डाव्या बाजूने चाला' हे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाठ केलं आणि पुढे शिकवलंही. वाहनांसाठी ते बरोबर आहे. पायी चालणाऱ्यासाठी, जिथे फुटपाथ नाही तिथे, ते उलट आहे. डाव्या कडेने चाललात तर तुमच्या बाजूची गाडी पाठीमागून येते, दिसत नाही. उजव्या कडेने चाललात तर गाडी समोरून येते, दिसते, आणि बाजूला व्हायला एक-दोन सेकंद मिळतात. म्हणून फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरची वाहनं बघत, एकामागे एक चालायचं. रस्ता उजवीकडे एकदम वळत असेल तर वळणाआधीच बाजू बदलायची, कारण तिथे समोरचा चालक आपल्याला पाहू शकत नाही.

हे वर्गात सांगितल्यावर एका मुलाने हात वर केला : "मॅडम, पन राँग साईडवाला तं मागूनच येईल ना?" बरोबर आहे! उजव्या कडेने चालताना उलट दिशेने येणारी मोटरसायकल नेमकी पाठीमागून येते. आपल्या गावात ती येतेच, दुभाजकाला फेरा नको म्हणून. याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. मी मुलांना एवढंच सांगते की उजवीकडूनच चाला, पण अधूनमधून मागे बघा, आणि कानात इअरफोन नको. वेगाने पाठीमागून येणाऱ्या टिप्परपेक्षा कडेने हळू येणारी राँग साईड मोटरसायकल कमी धोक्याची, एवढाच तो हिशेब आहे. आणि हो, संध्याकाळच्या शिकवणीला जाणाऱ्या मुलांना गडद कपडे घालू देऊ नका, हे पालकांसाठी.

तिसरा तास : सहा फूटपट्ट्या

रस्त्यांचे नियम ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था १९३४ पासून आहे. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी तिची वेगळी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. त्यातली दोन मापं मुलांना सहज लक्षात राहतात. एक, फुटपाथची चालायची मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर. दोन, फुटपाथची रस्त्यापासूनची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

१.८ मीटर म्हणजे ३० सेंटीमीटरच्या सहा फूटपट्ट्या ओळीने. १५० मिलिमीटर म्हणजे कंपासपेटीतली छोटी पट्टी उभी धरली तर तेवढीच! यापेक्षा वेगळं साहित्य लागत नाही.

पाच-सहा मुलांचे गट करा आणि शाळेच्या गेटपासून दोनशे-तीनशे मीटरचा पट्टा वाटून द्या. प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस हवंच. मापं रस्त्यावर उतरून घ्यायची नाहीत, कडेवरूनच घ्यायची. शाळा भरण्या-सुटण्याची वेळ टाळा. मुलांनी काय नोंदवायचं? सहा पट्ट्या सलग कुठे मावतात? मावत नसतील तर काय आडवं आलं : घराची पायरी, गाडी चढवायचा उतार, विजेचा खांब, डीपी, उघडी नाली, उभी केलेली कार, फलक? छोटी पट्टी उभी धरली तर फुटपाथ तिच्याहून उंच आहे का? आजी चढू शकेल का? तीनचाकी सायकलवरचा माणूस चढू शकेल का?

राज्यात २०२० च्या अखेरीस लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत ले-आउटमधला आतला रस्ताही साधारणपणे ९ मीटरपासून पुढे धरला आहे. मोठ्या मुलांना हे सांगा आणि प्रत्यक्षात गाडी चालायला आणि माणसाला चालायला मिळून किती उरतात ते मोजायला लावा. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या, उतार आणि उभ्या गाड्या वजा केल्या की फरक हातात येतो. मुलं घरी जाऊन स्वतःच्या दारापुढची पायरीही मोजतात. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे काय शिकवून राहिले तुम्ही?" रागाने नव्हे, पण अगदी हसतही नव्हते.

या तासाला एक चूक माझ्याकडून झाली ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून सांगते. गटांनी वहीत लिहिलं : 'ठेले हटवा.' जवळपास सगळ्यांनी. मी 'शाब्बास' म्हटलं. एक मुलगा काहीच बोलला नाही, वही मिटून बसला. त्याच्या वडिलांचा चहाचा ठेला त्याच पट्ट्यात होता, हे मला माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी तोच विषय पुन्हा घेतला. २०१४ साली संसदेने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेसाठी कायदा केला आहे. त्यात विक्रेत्यांची नोंद करायची, शहर फेरीवाला समिती नेमायची आणि विक्रीची जागा आखून द्यायची असं ठरलेलं आहे. म्हणजे प्रश्न ठेला 'हवा की नको' असा मांडायचा नाही, सहा पट्ट्या मोकळ्या ठेवून ठेला कुठे बसेल असा मांडायचा. मुलांनी नकाशावर जागा शोधल्या. आणि त्याच मुलाने सांगितलं की ठेल्यापेक्षा ठेल्यासमोर उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलीच जास्त जागा खातात. खरं होतं ते. आम्ही कुणीच ते मोजलं नव्हतं.

पालकांसाठी

आता गेटबद्दल बोलू. शाळा सुटायच्या वेळी गेटसमोर सगळ्यांत मोठा धोका कोणाचा असतो? टिप्परचा नव्हे. आपला. दहा मिनिटांत पन्नास स्कूटी, ऑटो, व्हॅन, चार-दोन कार, सगळ्यांना आपलं मूल गेटच्या अगदी समोर उतरवायचं किंवा घ्यायचं असतं. कार मागे घेणाऱ्या वडिलांना बंपरमागे उभं असलेलं पहिलीचं मूल आरशात दिसत नाही. जे मूल पायी येतं, त्याने या सगळ्यातून वाट काढायची. म्हणजे 'रस्ता धोक्याचा आहे म्हणून मी मुलाला गाडीने सोडतो' असं प्रत्येकजण म्हणतो आणि त्यामुळेच पायी येणाऱ्याचा रस्ता धोक्याचा होतो.

मी सुद्धा यात होते. मुलांनी मापं घेतली त्या यादीत एक नोंद होती : 'गेटजवळच्या पांढऱ्या पट्ट्यांवर गाडी उभी असते.' खाली रंग आणि गाडीचं वर्णन. एमएच ३६ ची ती राखाडी स्कूटी माझी होती. मुलांनी ते माहीत असून लिहिलं होतं की नसून, हे मी विचारलं नाही. आता मी ती मैदानात आत लावते.

महाराष्ट्रात शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं धरलेलं आहे. म्हणजे पायी किंवा सायकलने येणारं मूल हीच या व्यवस्थेची मूळ कल्पना आहे. पायी येणारी मुलं बहुतेक वेळा ज्यांच्या घरी दुसरा पर्याय नाही त्यांची असतात, आणि त्यांचे आईवडील पालकसभेला कामावरून सुट्टी काढून येऊ शकत नाहीत. म्हणून गेटचा विषय सभेत निघतच नाही. तो शिक्षकांनीच काढावा लागतो. आमच्या सभेत ठरलं ते साधं : गाडी गेटपासून शंभर पावलं लांब थांबवायची, तिथून मुलाने चालत यायचं. पहिल्या आठवड्यात पाळलं, दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला आणि विसरलं, पुन्हा आठवण द्यावी लागली. अजूनही द्यावी लागते.

दुसरी गोष्ट, नववी-दहावीच्या मुलांच्या हातातली स्कूटी. 'शिकवणी लांब आहे, वेळ वाचतो' हे मला कळतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी सुधारणा झाली त्यात कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो, २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सभेत हे वाचून दाखवल्यावर बरेच जण दंडाबद्दल बोलतात. मला ते मैदानावरचं दप्तर आठवतं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, हा केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा आकडा. त्यात पायी चालणारे ३२ हजार ८२५. भागाकार करा, दिवसाला ९० येतात. आपल्या शाळेतल्या पाचवीच्या दोन तुकड्या.

हे बदलता येतं का?

मुलं हा प्रश्न विचारतातच. नेदरलँड्स म्हटलं की आपल्याला सायकली आठवतात. पण १९७१ साली त्या छोट्याशा देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास लोक गेले होते आणि त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, मुलांनाही सोबत घेतलं, 'मुलांचे मृत्यू थांबवा' अशा अर्थाच्या नावाची चळवळ उभी राहिली. वस्तीतल्या रस्त्यांची रचना बदलत गेली, वेग खाली आले. म्हणजे तिथले रस्ते आधीपासून तसे नव्हते. आपल्याकडे पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, आणि २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळायला सुरुवात केली. भंडारा पुण्याएवढं मोठं नाही, आणि हीच आपली सोय आहे. ले-आउट अजून भरायचे आहेत, जागा अजून मोकळी आहे. घरं उभी राहिल्यावर पायऱ्या तोडण्यापेक्षा आत्ता रेघ आखणं सोपं.

आणखी एक. कोइंबतूरच्या एका अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी, डॉ. एस. राजशेखरन यांनी, रस्ते अपघातांबाबत सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्याच प्रकरणात १४ मे २०२५ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांच्या पीठाने सांगितलं की अडथळा नसलेला, दिव्यांगांनाही वापरता येईल असा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क शिकवताना हे उदाहरण वापरा. मुलांना 'जगण्याचा हक्क' हे शब्द फार दूरचे वाटतात, पण नालीवरची तुटकी फरशी त्यांना रोज दिसते.

शेवटचा तास : पत्र

औपचारिक पत्रलेखन अभ्यासक्रमात आहेच. दरवर्षी आपण रोपांची मागणी, पुस्तकांची मागणी असे विषय देतो आणि पत्र वहीतच राहतं. या वेळी खरं पत्र लिहा. आधी रस्ता कोणाचा ते शोधायला लावा. हा शोधच अर्धा धडा आहे. शहरातला आतला रस्ता नगर परिषदेचा, म्हणून पत्र मुख्याधिकाऱ्यांना. राज्य मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग. महामार्ग असेल तर त्याचं वेगळं कार्यालय. प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला आणि वाहतूक शाखेला.

पत्रात तक्रारीचा सूर नको आणि 'योग्य ती कार्यवाही व्हावी' एवढंच लिहूनही उपयोग नाही. माप लिहायचं, ठिकाण लिहायचं, मागणी एकच करायची. आमच्या सातवीच्या गटाने केलेला मसुदा थोडा दुरुस्त करून देते :

'मा. मुख्याधिकारी साहेब, आम्ही इयत्ता सातवीचे विद्यार्थी. आमच्या शाळेच्या गेटसमोरचा रस्ता आम्ही शिक्षकांसोबत मोजला. सोबत नकाशा जोडला आहे. नकाशात लाल रंगाने दाखवलेल्या ठिकाणी नालीवर फरशी नाही, त्यामुळे आम्हाला रस्त्यात उतरून चालावे लागते. निळ्या रंगाच्या ठिकाणी पांढरे पट्टे पुसले आहेत. कृपया तिथे फरशी टाकावी, पट्टे पुन्हा रंगवावे आणि पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर, गाड्या हळू होतील असा गतिरोधक फलकासह करावा. काम झाल्यावर आम्ही पुन्हा मोजू आणि आपल्याला कळवू.'

शेवटचं वाक्य मुलांचंच आहे. मी ते खोडणार होते, उद्धट वाटेल म्हणून. मग ठेवलं.

गतिरोधकाबद्दल एक सूचना : मुलं उत्साहात दर वीस पावलांवर मागतात. त्यांना समजावून सांगा की अचानक आलेला, रंग नसलेला, उंच ब्रेकर दुचाकीवरच्या माणसाला पाडतो. मागणी करायची ती रंगवलेल्या, आधी फलक असलेल्या, मोजक्या ठिकाणच्या गतिरोधकाची.

पत्र पोस्टाने टाकू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत जोडून दोन-तीन मुलांसह, पालकांच्या परवानगीने, कार्यालयात जा आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. मुलांनी सरकारी कार्यालय आतून पाहिलेलं नसतं. आमची मुलं आवक बारनिशी बघून भारी खूश झाली होती. एकीने विचारलं, "मॅडम, आता हे कागद हरवनार तं नाही ना?" म्हणूनच पोच घ्यायची असते, असं मी सांगितलं.

ती पोच आता वर्गाच्या भिंतीवर लावलेली आहे. नालीवरच्या फरश्या काही ठिकाणी आल्या, काही ठिकाणी नाहीत. पट्टे रंगले आणि एका पावसाळ्यात फिके पडले. पुढचं माप आम्ही दिवाळीच्या सुट्टीनंतर घेणार आहोत, तोपर्यंत नवी पाचवी हातात पट्ट्या घेऊन तयार होईल. तुमच्या शाळेत हा पाठ घेतलात तर गेटसमोर सहा पट्ट्या सलग किती ठिकाणी मावल्या ते जरूर कळवा.